एका शेअरचं वाचन

११ फेब्रुवारी २००७ रोजी एका शेअरच्या विक्रीचा करार झाला. शेअर खरोखरच एक. कंपनीचं नाव सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स, नोंदणी केमन बेटांवरची. विकणारी हचिसन टेलिकम्युनिकेशन्स इंटरनॅशनल, जिचे शेअर हाँगकाँगच्या बाजारात चालत. घेणारी व्होडाफोन समूहाची नेदरलँड्समधली कंपनी. किंमत सुमारे ११ अब्ज डॉलर. विकणारा भारतीय नाही, घेणारा भारतीय नाही, शेअरही भारतातला नाही. पण हा शेअर ज्याच्या हाती, त्याच्या हाती हचिसन एस्सार या मुंबईच्या मोबाइल कंपनीतला ६७ टक्के हिस्सा येणार होता. त्यातला मोठा भाग मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या साखळीतून, उरलेला करारांनी मिळणाऱ्या हक्कांतून. मे महिन्यात व्यवहार पुरा झाला आणि सप्टेंबरात ‘हच’चे फलक उतरून ‘व्होडाफोन’चे चढले.

आयकर खात्याचं म्हणणं असं, की या विक्रीतला नफा भारतातल्या मालमत्तेवरचा आहे, तेव्हा पैसे चुकते करताना व्होडाफोनने त्यातून कर कापून भरायला हवा होता. मागणी ११ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०१० रोजी खात्याची बाजू उचलून धरली. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने तो निकाल फिरवला. या निकालाचं कायद्यातलं स्थान पुष्कळांनी सांगितलं आहे. मला तो लेखन म्हणून आवडतो, आणि त्यातून ज्या व्यवसायाचं अंतरंग दिसतं त्या व्यवसायाबद्दलही मला मनापासून आदर आहे.

आंतरराष्ट्रीय कर आणि संपत्तीचं नियोजन पाहणाऱ्या वकिलाचं काम सहसा कोणाच्या वाचनात येत नाही. फौजदारी वकिलाची उलटतपासणी वर्तमानपत्रात छापून येते, घटनेवरचे युक्तिवाद पुस्तकांत जातात. या वकिलाचं उत्तम लेखन मात्र ट्रस्ट डीडमध्ये, भागधारकांच्या करारात, एखाद्या नेमक्या अभिप्रायात असतं आणि ते पक्षकाराच्या तिजोरीत राहतं. कुटुंबाचा ट्रस्ट कोणत्या देशात करायचा, विश्वस्त कोण असावेत, मुलगी परदेशात स्थायिक झाली तर तिच्या वाट्यावर कर कोणाचा, वर्षातला मुक्काम १८२ दिवसांचा किंवा जास्त झाला तर माणूस रहिवासी कुठला, उद्या धंदा विकायचा झाला तर साखळीतली नेमकी कोणती कंपनी विकायची. हे सगळं लिहिलं जातं तेव्हा टेबलाभोवती सगळे एकाच बाजूचे असतात. ज्याच्यासाठी ते लिहायचं, तो वाचक दहा-पंधरा वर्षांनी येतो. तो कधी करअधिकारी असतो, कधी वाटणीवरून बिनसलेला भाऊ. तो प्रत्येक ओळ संशयाने वाचतो, आणि समजावून सांगायला लिहिणारा वकील समोर नसतो. अशा वाचकासाठी लिहिणं ही मला फार अवघड कला वाटते. व्होडाफोन खटल्यात अशी एक आतली रचना भर उजेडात आली आणि देशातल्या तल्लख बुद्धीच्या माणसांनी ती समोरासमोर बसून वाचली.

व्होडाफोनची बाजू मांडली हरीश साळवे यांनी. नागपूरचं घर. वडील एन. के. पी. साळवे चार्टर्ड अकाउंटंट, पुढे केंद्रीय मंत्री आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष. हरीश साळवेही आधी चार्टर्ड अकाउंटंट झाले, मग वकील. १९८० च्या आसपास सर्वोच्च न्यायालयात उमेदवारी सुरू केली तेव्हा मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात ख्यातनाम वकील नानी पालखीवाला यांना जवळून पाहण्याची संधी त्यांना मिळाली. पालखीवालांनी जमशेदजी कांगा यांच्याबरोबर लिहिलेला आयकर कायद्यावरचा ग्रंथ १९५० सालचा, आणि मुंबईच्या करवकिलांच्या टेबलावर तो अजून असतो. साळवे १९९२ साली ज्येष्ठ वकील झाले, १९९९ ते २००२ या काळात देशाचे सॉलिसिटर जनरल होते. कुलभूषण जाधव यांच्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एक रुपया मानधनावर उभे राहिलेले वकील म्हणून मराठी घरांत ते ठाऊक आहेत. पण त्यांच्या व्यवसायाचा कस मला व्होडाफोनमध्ये जास्त दिसतो. ज्याने ताळेबंद वाचण्यापासून सुरुवात केली, तो व्यवहाराकडे काळाच्या अंगाने पाहतो. ताळेबंदात मागच्या वर्षाची शिल्लक पुढे ओढलेली असते. तिथे कुठलाच आकडा एका दिवसाचा नसतो.

आणि या खटल्यात सगळा प्रश्न, माझ्या मते, गोष्ट कुठून सुरू करायची हाच होता. ती ११ फेब्रुवारी २००७ ला सुरू केली तर दिसतो करमुक्त बेटावरचा एकुलता एक शेअर आणि त्यासाठी मोजलेले ११ अब्ज डॉलर. असं चित्र पाहून कोणाही भल्या माणसाच्या भुवया वर जातील. १९९२ पासून सुरू केली तर वेगळीच गोष्ट दिसते. हचिसन भागीदार घेऊन भारतात येते, १९९४ साली मुंबईचा मोबाइल परवाना मिळतो. ‘मॅक्स टच’, मग ‘ऑरेंज’, मग ‘हच’, अशी नावं मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर बदलत जातात. सीजीपी ही कंपनी १९९८ साली नोंदली जाते, टेलिकॉम मंडळांमागून मंडळं घेत धंदा देशभर वाढतो, आणि २००७ साली संस्थापक आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. खात्याने न्यायालयात सांगितलं, की सीजीपी ऐन वेळी मध्ये आणून उभी केली. निकालपत्राने त्याचं उत्तर तारखांनी दिलं.

निकालपत्राची बांधणी म्हणूनच मला इतकी मोलाची वाटते. कपाडिया कायद्याच्या कलमाकडे लगेच जात नाहीत. आधी हचिसनचा इतिहास येतो, मग व्यवहाराच्या वाटाघाटी, कोण कोणाला कधी काय लिहीत होतं याचा तपशील. घाईच्या वाचकाला ही पानं जड जातात, आणि पुष्कळ जण ती ओलांडून थेट कायद्याच्या चर्चेला येतात. त्यांचं मोठं नुकसान होतं. पुढे कलमाचा जो अर्थ लावला आहे तो पटण्यासाठी लागणारी सगळी जमीन या पानांत तयार झालेली असते. कपाडिया मुंबईतल्या गरीब पारशी घरातले. चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणून नोकरीला लागून सरन्यायाधीशपदापर्यंत पोचलेले. त्यांची वाक्यं आखूड असतात, अलंकार जवळजवळ नसतात, एक मुद्दा संपला की पुढचा सुरू. वाचायला सुखद अशी ही शैली नाही, पण तिला वजन आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही मी तितक्याच आदराने वाचतो. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाचा हा निकाल चंद्रचूड यांनी लिहिला आणि त्यांनी खरेदीचा करार कलमागून कलम उलगडला. त्यात त्यांना काय काय सापडलं पाहा. धंद्यावरचं नियंत्रण, संचालक नेमण्याचा हक्क, भारतातल्या इतर भागधारकांचे शेअर पुढे विकत घेण्याचे पर्याय, कर्जांची देवघेव, ‘हच’ हे नाव काही काळ वापरण्याची मुभा, पुन्हा त्याच धंद्यात न उतरण्याचं हचिसनचं वचन. इतकं सगळं ज्या पैशात आलं तो पैसा नुसत्या एका शेअरचा कसा, असा त्यांचा सवाल होता, आणि यातल्या ज्या भागाचा भारताशी संबंध आहे तो करअधिकाऱ्याने वेगळा काढावा असं त्यांनी सांगितलं. हे अतिशय बारकाईचं वाचन आहे. ते चुकीचं आहे असं मला कधीच म्हणवलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने तोच करार वाचला आणि म्हटलं, की शेअर विकला की नियंत्रण त्याच्यासोबत जातं, कारण नियंत्रण शेअरच्या पोटातच असतं. ते शेअरपासून सोडवून स्वतंत्र मालमत्ता म्हणून मांडता येत नाही. मरीन ड्राइव्हवरचं घर विकलं तर खिडकीतून दिसणारा समुद्र वेगळा विकला असं कोणी म्हणत नाही. घराच्या किमतीत मात्र समुद्र असतोच. खात्याचं म्हणणं नेमकं हेच होतं, की किंमत समुद्राची दिली आणि समुद्र भारतात आहे. न्यायालयाचं उत्तर होतं, की कर व्यवहारावर बसतो आणि व्यवहार घराचा झाला. या दोन वाक्यांच्या मधली जागा फार अरुंद आहे, आणि तिथेच या निकालाची सगळी गोडी आहे.

या टप्प्यावर कपाडिया मागच्या पिढ्यांचं कर्जही फेडतात. १९३५ चा इंग्लंडमधला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचा निकाल आहे. ड्यूकने आपल्या माळ्यासारख्या नोकरांना पगाराच्या ऐवजी करारपत्राने वार्षिक रक्कम देऊ केली आणि त्याचा कर वाचला. हाउस ऑफ लॉर्ड्सने कागदाचा अर्थ प्रमाण मानला. १९८१ च्या रॅम्से निकालाने त्यात दुरुस्ती केली, की एकच हेतू धरून पायऱ्यापायऱ्यांनी केलेला व्यवहार न्यायालय सबंध पाहू शकतं. भारतात १९८५ च्या मॅक्डॉवेल निकालात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी करटाळणीबद्दल अत्यंत कठोर शब्द वापरले, आणि पुढची अनेक वर्षं करअधिकारी त्या शब्दांच्या आधाराने नोटिसा काढत राहिले. २००३ साली मॉरिशस कराराच्या खटल्यात न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी त्या शब्दांना मर्यादा घातली. कपाडिया यांनी या चारही निकालांना एका ओळीत बसवलं. व्यवहाराकडे सबंध बघा, त्याच्या आरपार बघायला जाऊ नका, आणि तो बनावट असेल तर खुशाल बाजूला सारा. मॅक्डॉवेलमधल्या बहुमतानेही कायद्याच्या चौकटीतल्या करनियोजनाला मोकळीक दिली होती, हे त्यांनी शांतपणे दाखवून दिलं. एका पिढीची भीती दोन-तीन परिच्छेदांत उतरवली गेली.

मग येतात ते निकष, ज्यांच्यासाठी करवकील हे निकालपत्र पुनःपुन्हा उघडतात. रचना खरी की दिखाऊ हे ठरवताना काय पाहायचं? गुंतवणूक करणारा खरोखर त्यात उतरला होता का, ही रचना किती काळ टिकली, भारतात धंदा किती वर्षं चालला, त्यातून इथे करपात्र उत्पन्न झालं का, बाहेर पडण्याची वेळ कोणती होती, आणि तो बाहेर पडल्यावरही धंदा चालू राहिला का. यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न काळाबद्दलचा आहे. हेतू माणसाच्या मनात असतो आणि मनाची झडती घेता येत नाही. काळाची घेता येते. सहा महिन्यांपूर्वी उभी केलेली कंपनी काही सांगू शकत नाही, नऊ वर्षं जगलेली सांगू शकते. २००२-०३ ते २०१०-११ या काळात या समूहाने भारतात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष करांपोटी २०,२४२ कोटी रुपये भरले, हा आकडा निकालपत्रात याच संदर्भात येतो. संपत्तीच्या नियोजनात आयुष्य घालवणारे वकील हे अनुभवाने जाणत होते. विकण्याची चाहूल लागल्यावर बांधलेली रचना वाचवत नाही आणि धंद्याच्या गरजेतून उभी राहिलेली वाचवते. न्यायालयाने त्यांचं हे शहाणपण कायद्यात आणलं. माझ्या दृष्टीने निकालातला सर्वांत सुंदर भाग हाच.

आयकर कायद्याच्या नवव्या कलमाची चर्चा त्यामानाने सरळ आहे. भारतात असलेल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणातून मिळालेलं उत्पन्न भारतात झालं असं हे कलम मानून घेतं. ही कायद्याने निर्माण केलेली मानीव स्थिती आहे, आणि ती जितकी शब्दांत दिली आहे तितकीच घ्यायची, ताणायची नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सीजीपीचा शेअर जिथे कंपनीची नोंद आहे तिथला, म्हणजे केमनचा. साळवे यांच्या बाजूने इथे एक देखणा मुद्दा होता. २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात सरकारने स्वतःच अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर लावण्याची तरतूद सुचवली होती. जे आधीपासून कायद्यात असतं ते नव्याने कशाला मागायचं? न्यायालयाने हे टिपलं.

सगळंच मला पटतं असं नाही. १५ टक्क्यांचा जो हिस्सा भारतीय भागीदारांच्या शेअरवरच्या पर्यायांतून मिळत होता, तिथे निकाल मला थोडी घाई करतो असं वाटतं. पर्याय म्हणजे केवळ करारातला हक्क, तो वापरेपर्यंत शेअरमधलं हित नाही, हे कायद्याने बरोबर. पण किंमत ६७ टक्क्यांचा हिशेब धरून ठरली होती, आणि या गोष्टीकडे अधिक वेळ थांबून पाहिलं असतं तर खात्याची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल रोहिंटन नरिमन यांच्या युक्तिवादाला पूर्ण न्याय मिळाला असता. राधाकृष्णन यांचा स्वतंत्र निकाल समूहातल्या कंपन्यांचे आपसातले संबंध फार स्वच्छ मांडतो. मूळ कंपनी सल्ला देते, दिशा दाखवते, तरी उपकंपनीचे संचालक आपल्या बुद्धीने निर्णय घेणारे असतात, हे त्यांचं विवेचन कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावं. शेवटी मात्र त्यांनी गुंतवणुकीचं भांडवल आणि देहदंड यांच्यासाठी इंग्रजीत येणाऱ्या एकाच शब्दावर कोटी केली आहे. इतक्या संयत पानांनंतर ती खटकते.

भरलेले २,५०० कोटी रुपये चार टक्के व्याजासह परत करा, ८,५०० कोटींची बँक हमी सोडा, असा आदेश होऊन खटला संपला. दोनच महिन्यांत, २०१२ च्या अर्थसंकल्पात, प्रणव मुखर्जी यांनी नवव्या कलमाला स्पष्टीकरणं जोडली. परदेशी कंपनीच्या शेअरचं मूल्य जर ठळकपणे भारतातल्या मालमत्तेतून येत असेल, तर तो शेअर भारतातलाच, आणि कायद्याचा अर्थ पहिल्यापासून असाच होता. पूर्वलक्षी प्रभाव थेट १ एप्रिल १९६२ पर्यंत. कायदा बदलण्याचा संसदेचा अधिकार मी मानतो, आणि असा कर पुढच्या काळासाठी लावणं मला गैरही वाटत नाही. भारतातल्या ग्राहकांच्या जिवावर वाढलेल्या मूल्यात भारताचा वाटा असावा, या म्हणण्यात न्याय आहे. पण ज्या निकालाने वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गोष्टीला साक्षीदार मानलं, त्याच्यावरचं उत्तर पन्नास वर्षं मागे जाऊन शब्द बदलण्याचं असावं, याचं मला आजही वाईट वाटतं. करवकिलाचा सगळा सल्ला एका गृहीतावर उभा असतो. आज जो कायदा आहे त्यावर आजचा व्यवहार तोलला जाईल, हे ते गृहीत. तेच काढून घेतलं तर प्रामाणिक पक्षकार आणि लबाड पक्षकार यांना द्यायच्या सल्ल्यात फरक राहत नाही.

भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराखाली व्होडाफोनने लवाद मागितला. २५ सप्टेंबर २०२० रोजी लवादाने भारताच्या विरोधात निवाडा दिला. त्याच डिसेंबरात, याच पूर्वलक्षी दुरुस्तीवरून उभ्या राहिलेल्या केर्न एनर्जीच्या प्रकरणातही निवाडा विरोधात गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने करकायद्यांत दुरुस्ती करून २८ मे २०१२ च्या आधीच्या अशा व्यवहारांवरच्या मागण्या मागे घेतल्या, कंपन्यांनी सगळे दावे सोडावेत या अटीवर आणि बिनव्याजी परताव्याच्या बोलीवर. २८ मे ही ती तारीख, ज्या दिवशी २०१२ च्या वित्त विधेयकाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली होती.

त्या तारखेनंतरच्या व्यवहारांना स्पष्टीकरण लागूच आहे. केमनमधला असाच शेअर आता विकला, त्या कंपनीची भारतातली मालमत्ता १० कोटी रुपयांहून जास्त असली आणि एकूण मालमत्तेच्या किमान निम्मी असली, तर भारतात कर लागतो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून करटाळणीविरोधी सर्वसाधारण तरतुदी आल्या आहेत, आणि मॉरिशसबरोबरचा करारही २०१६ साली बदलला. त्यामुळे व्होडाफोनच्या निकालाची विधानं जशीच्या तशी वापरण्याचे प्रसंग कमी झाले. निकष मात्र चालू नाण्यासारखे वापरात आहेत. सिंगापूरला कौटुंबिक ट्रस्ट करू पाहणाऱ्या उद्योजकाला किंवा दुबईत कंपनी काढून बसलेल्या पुणेकर व्यावसायिकाला सल्लागार आधी मूल्यांकनाचा तक्ता मागतात, आणि मग विचारतात, की ही कंपनी कोणत्या साली काढली, त्या वेळी विक्रीची बोलणी चालू होती का, आणि तेव्हाचे संचालक मंडळाचे ठराव जपून ठेवले आहेत का.